एकच इसम

नागभीडच्या तहसिलीसमोर, चिंचेखाली,
एक पाय विटेवर टेकलेलं माझं टेबल.
साधा अर्ज चाळीस.
फेरफार, वारसान साठ.
नावातली चूक असेल तर शंभर,
कारण चूक खोडायला
ती आधी तीनदा लिहावी लागते.

दिवसभर मी दुसऱ्यांचा 'मी' लिहितो.
मी भूमिहीन आहे.
माझी म्हैस वीज पडून मेली.
मी हे पूर्ण शुद्धीत लिहून देत आहे.
रात्री ताट वाढताना बायको विचारते,
आज कोन कोन झाले तुमी?
चार बाया, म्हणतो, एक कोतवाल,
आन् म्हशीवाला.

धान कापून झालं की
वडशाहून दुधपचारेंचा फोन.
मंडईच्या आत नवं नाटक पाहिजे.
तीन अंक, पाच गाण्यांना जागा,
एक कोर्टाचा सीन, तुम्ही तर तहसिलीतलेच.
हिरोईनला पाठ होत नाही,
तिची वाक्यं आखूड ठेवा.
आणि यंदा खलनायकाला रडायचं आहे,
त्याची बायको वारली.

मी आखूड ठेवतो. रडवतो.
पडवीत, फसलेल्या अर्जांच्या कोऱ्या बाजूवर.
प्रयोगामागे तीनशे,
पाऊस आला तर शून्य.

सिंदेवाहीकडच्या एका गावात,
बांधीत ठोकलेल्या मांडवाखाली,
पहाटे तीनला
मांडीवर पोरं निजवून बसलेल्या बाया
माझ्या एका वाक्याला एकदम गप्प झाल्या.
ते वाक्य मूळचं एका अर्जातलं.
कुणाच्या, ते सांगणार नाही.

पोस्टरवर मी 'ता. सो. निर्झर'.
छापखान्यानं झ चा ज केला : निर्जर.
फुकटात अमर झालो.
दुरुस्तीचे पैसे कोण भरणार,
म्हणून अमरच राहिलो चार हंगाम.

परवा कलावंतांच्या मानधनाचा फॉर्म भरला.
खिडकीतला नवा पोरगा म्हणाला,
काका, आधारवर तुम्ही गहाणे ताराचंद सोमाजी,
पोस्टरवर भलतंच.
दोघं एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र लागेल.
बाहेर करून मिळते. त्या चिंचेखाली.

तर बसलो चिंचेखाली,
या वेळी गिऱ्हाईकही मीच.
मी, ताराचंद वल्द सोमाजी गहाणे,
वय अठ्ठावन्न, राहणार नागभीड, धंदा
इथं पेन थांबलं.
तीस वर्षांत कुणाच्या धंद्यापाशी थांबलं नव्हतं.
मजुरी लिहिली, घरकाम लिहिलं,
काहीच नसेल तर 'काही नाही',
तेही वळणदार.

पैकाबाई सहारे बाकड्यावर बसली होती.
तिचंही नावाचंच दुखणं :
सातबाऱ्यात पैकू, बँकेत पायका,
नवऱ्याच्या तोंडी जन्मभर 'आयकलं का'.
म्हणाली, काहून थांबला बापू?
लिवनाऱ्यालेच सापडे ना का?

सांगितलं तिला सगळं.
ती हसली नाही.
शाईचा डबा स्वतःच पुढं ओढला,
'ओळख देणार' असं छापलंय तिथं
डावा अंगठा दाबून धरला,
जरा जास्तच वेळ.
मी पायलं हाये याचं नाटक, म्हणाली,
अन् याचे अर्जबी. दोनी येकच हायेत.
रातचा जरा बरा लिवते.

मग तिचा कागद केला.
पैकू, पायका, पैका : एकच इसम.
शंभर झाले.
तिनं कनवटीतून ऐंशी काढले.
अन् वीस?

साक्षीचे, म्हणाली,
आणि अंगठा चिंचेच्या खोडाला पुसत
बस धरायला निघून गेली.

धंद्यापुढची जागा अजून कोरी आहे.
साहेब जेवायला गेलेत, तोवर वेळ आहे.

हं, पुढं कोण?